घर आहे, पण खिळा नाही

"मधलं अक्षर कुणीतरी खाल्लंय," असं अण्णा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मला वाटलं, पेपरची छपाई बिघडली असेल. अण्णांनी वाईतल्या एका छापखान्यात बत्तीस वर्षं प्रुफं तपासली, त्यामुळे छपाईची तक्रार त्यांच्या तोंडी नवीन नव्हती. पण त्यांनी पेपर माझ्यापुढे धरला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथे 'सरपंच' आहे ना? मला 'स' दिसतोय आणि 'च' दिसतोय. मधे डाग आहे. नजर हलवली की डागही हलतो."

मग साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे खेपा सुरू झाल्या. तिथे चौकटीचौकटींचा एक कागद देतात, ॲम्स्लर ग्रिड म्हणतात त्याला. मधोमध ठिपका, भोवती आडव्या-उभ्या सरळ रेघा. ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा कशा दिसतात ते सांगायचं. अण्णा म्हणाले, "मधे पोपडा आलाय आणि कडेच्या रेघा कृष्णेसारख्या वळल्यात." दृष्टिपटलाच्या मधोमध एक छोटा भाग असतो, मॅक्युला. बारीक बघायचं सगळं काम त्याचं, आणि वयोमानाने तो झिजतो. अण्णांचा प्रकार कोरडा. ओल्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शनं देतात, कोरड्यात गेलेली नजर परत येत नाही. कडेची नजर मात्र शाबूत राहते. म्हणून अण्णा घरभर न अडखळता फिरतात, दारात कोण आलं ते चालीवरून ओळखतात, पण आलेल्या माणसाचा चेहरा त्यांना दिसत नाही. आणि अक्षर दिसत नाही.

भिंग आणलं. हात थरथरतो, त्यात भिंग मोठं असेल तर मोठं करून दाखवत नाही आणि मोठं करून दाखवणारं असेल तर ते रुपयाएवढं. "याच्यात दीड शब्द मावतो," अण्णा म्हणाले. "दीड शब्दात चूक कशी दिसणार?" वाचायचं आहे की चूक शोधायची आहे, असं मी विचारलं नाही. त्यांच्या लेखी ती एकच गोष्ट आहे.

सहस्रचंद्रदर्शनाला माझ्या भावाने पुण्याहून टॅब आणला. दहा इंची, चकचकीत. दोन बोटांनी अक्षर हवं तेवढं मोठं करा, दादाने करून दाखवलं. अण्णांना दिसेल एवढं, म्हणजे साधारण इंचभर, अक्षर केल्यावर त्या काचेवर किती शब्द मावले? दोन. कधी अडीच. अण्णांनी दादाच्या पाठीवर हात फिरवला, "छान आहे" म्हणाले, आणि तो पुण्याला गेल्यावर मला म्हणाले, "हेही दीड शब्दाचंच भिंग. मला ओळ पाहिजे गं. अख्खी ओळ."

प्रूफरीडरला ओळ का लागते, ते मला त्यांनी मी शाळेत असतानाच सांगितलं होतं. अक्षरं एकेक करून वाचली तर सगळी बरोबरच वाटतात. ओळीवरून नजर वाहत गेली पाहिजे, मग चुकलेल्या जागी ती ठेचकाळते. तर मला आता ठेच लागण्यापुरती रुंद जागा शोधायची होती. हॉलमध्ये त्रेचाळीस इंची टीव्ही होताच. टॅब त्याला जोडला की झालं, एवढं सोपं मला वाटलं.

मी पतसंस्थेत हिशेब बघते. संगणक रोज वापरते, पण मागच्या वायरी लावायला नेहमी दुसरं कुणीतरी येतं. तरी बाजारात जाऊन मी रुबाबात "टाइप-सी टू एचडीएमआय" मागितली. साडेआठशे रुपयांची केबल. एक टोक टॅबमध्ये, दुसरं टीव्हीत, रिमोटवर इनपुट बदललं. निळ्या पडद्यावर 'नो सिग्नल'. उलटं करून लावलं, टॅब बंद करून चालू केला, टीव्ही बंद करून चालू केला, केबलवर फुंकर मारली. नो सिग्नल.

केबल परत घेऊन गेले. दुकानातल्या मुलाने ती स्वतःच्या फोनला लावली आणि समोरच्या टीव्हीवर त्याचा फोन लख्ख दिसला. "मॅडम, तुमच्या टॅबमध्येच नाही ते."

"अरे पण भोक तर तेच आहे!"

"भोक सगळ्यांना तेच असतं," तो म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या रात्री बसून वाचलं तेव्हा कळलं की तो शंभर टक्के खरं बोलला होता. टाइप-सी हे फक्त खाचेच्या आकाराचं नाव आहे. २०१४ साली हा आकार ठरला, त्यात चोवीस पिना ठेवल्या. चार्जिंगला आणि साध्या फाइली पाठवायला त्यातल्या थोड्याच पुरतात. चित्र बाहेर न्यायचं तर जलद तारांच्या जोड्या लागतात आणि त्या तारांवरून डिस्प्लेपोर्टचा, म्हणजे चित्र वाहून नेण्याच्या एका पद्धतीचा, सिग्नल सोडणारी सोय यंत्राच्या आत असावी लागते. डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड हे त्या सोयीचं नाव, तीही २०१४ चीच. पण ती द्यायलाच पाहिजे असं बंधन नाही. स्वस्त टॅबमध्ये आकार नवा देतात आणि आत जुन्या यूएसबी २ च्याच तारा टाकतात. बाहेरून बघून काहीही कळत नाही. केबलचंही तेच. टॅबबरोबर खोक्यात येणाऱ्या चार्जिंगच्या बहुतेक केबली दोन्हीकडून टाइप-सी असल्या तरी त्यातून चित्र जात नाही, कारण त्या तारा आत घातलेल्याच नसतात.

हे मी अण्णांना सकाळी चहाच्या वेळी सांगायला घेतलं. पिना, तारा, मोड असं माझं चाललं होतं. त्यांनी मधेच थांबवलं. "म्हणजे केसमध्ये घर आहे, पण घरात खिळा नाही."

ज्यांनी खिळ्यांचा छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. खिळा म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा ठसा. ते जुळवून ओळ करणारा तो कंपोझिटर. त्याच्यासमोर लाकडाची उतरती पेटी असते, ती केस. तिच्यात प्रत्येक अक्षराचं वेगळं घर. मराठीला घरं पुष्कळ लागतात, जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, काना, रफार, सगळ्यांची सोय करावी लागते. पण म्हणून प्रत्येक घर भरलेलं असेलच असं नाही. एखादा छापखाना 'ङ'चं घर ठेवतो आणि त्यात सुतळी नाहीतर विडीचं बंडल ठेवतो. टाइप-सीचं इतकं नेमकं वर्णन मला त्या रात्रीच्या वाचनात कुठे सापडलं नव्हतं.

केबल त्या मुलाने परत घेतली नाही. ड्रॉवरमध्ये गेली.

मग बिनतारी. त्या टॅबमध्ये 'कास्ट', म्हणजे पडदा वायरीशिवाय टीव्हीवर पाठवायची सोय, होती आणि टीव्हीतही होती. यात दोन जाती आहेत. मिराकास्टमध्ये टॅब आणि टीव्ही थेट एकमेकांशी वायफायने बोलतात, मधे राउटर नसला तरी चालतं. दुसऱ्या जातीत दोघंही घरातल्या एकाच वायफायवर असावे लागतात. आमच्याकडे पहिली चालली. टीव्हीवर टॅब दिसला, आईने टाळ्या वाजवल्या. मी विश्वकोशाची नोंद उघडली. मराठी विश्वकोशाचं काम आमच्या वाईतच चाललं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांच्या देखरेखीखाली. पहिला खंड १९७६ चा, आणि आता वीसही खंड इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. अण्णांना त्यातल्या जुन्या नोंदी परत वाचायच्या होत्या.

दहा मिनिटांत ते वैतागले. बिनतारी पद्धतीत टॅब पडद्याचा व्हिडिओ करून, तो दाबून लहान करून पाठवतो, आणि टीव्ही तो उलगडतो. सिनेमा बघताना यात काही कळत नाही, कारण चित्र आणि आवाज दोन्ही बरोबरच उशिरा येतात. पण अण्णा बोटाने ओळ सरकवत होते. बोट पुढे गेलं तरी टीव्हीवरची ओळ क्षणभर जागीच, म्हणून ते आणखी सरकवायचे, आणि मग ओळ भसकन पुढे निघून जायची. "हे मागून येतंय," ते म्हणाले, "लंगडणाऱ्या पोरासारखं." दुसरी तक्रार त्याहून मोठी होती. ओळ सरकताना अक्षरं फिसकटायची. थांबली की हळूहळू स्वच्छ व्हायची, पण तेवढ्या वेळात शिरोरेघेवरचा अनुस्वार दिसेनासा व्हायचा. अनुस्वार दिसत नाही असलं यंत्र घरात ठेवायलाच ते तयार नव्हते.

(आणखी एक मार्ग असतो. डिस्प्लेलिंक नावाची चिप असलेला डॉक, म्हणजे वायरी जोडायची डबी, घ्यायचा आणि टॅबवर त्यांचं ॲप टाकायचं. मग साध्या यूएसबीवरूनही चित्र जातं. पण तिथेही चित्र दाबूनच पाठवतात आणि डॉक काही हजारांचा. अनुस्वाराचं जे झालं ते पाहून मी त्या वाटेला गेले नाही.)

मग ठरवलं की टॅबच दुसरा घ्यायचा, पण या वेळी भोक बघून नाही, तपशील वाचून. इथे एक गोष्ट शिकले ती लिहून ठेवते, कुणाचे तरी साडेआठशे वाचतील. तपशिलाच्या पानावर 'टाइप-सी' एवढंच लिहिलेलं असेल तर चित्र जाणार नाही असं धरून चालायचं. 'यूएसबी ३' काहीतरी असेल तर आशा आहे, खात्री नाही. 'डिस्प्लेपोर्ट' किंवा 'व्हिडिओ आउट' हा शब्द असेल तरच खरं. आणि यालाही अपवाद आहेत. २०२२ चा दहाव्या पिढीचा आयपॅड फाइली पाठवायला यूएसबी २ च्याच वेगाचा आहे, तरी त्यातून चित्र बाहेर येतं. म्हणून शब्दच शोधायचा, आकड्यावरून अंदाज करायचा नाही. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो "हो मॅडम, सगळं होतं" म्हणतो. आपली केबल घेऊन जायची आणि तिथल्या टीव्हीला लावून बघायचं.

मी तसंच केलं. साताऱ्यात जुना गॅलक्सी टॅब एस ७ मिळाला. २०२० चं मॉडेल, अकरा इंची, कोपऱ्यात एक ओरखडा. ड्रॉवरमधली केबल लावली आणि दुकानातल्या टीव्हीवर चित्र आलं तेव्हा मी तिथेच जोरात "आलं!" म्हणाले. दोन माणसं वळून बघायला लागली.

घरी आल्यावर मात्र टीव्हीवर टॅबचं चित्र नव्हतंच, भलतंच काहीतरी होतं. खाली पट्टी, कोपऱ्यात चिन्हं, अगदी ऑफिसच्या संगणकासारखं. हे डेक्स. सॅमसंगने २०१७ साली फोनसाठी आणलं, पुढे टॅबवर आलं. बाहेरच्या पडद्यावर वेगळाच संगणक उभा करतं. ज्याला पत्रं टाइप करायचीत त्याच्यासाठी उत्तम. पण अण्णा टॅबवर बोट फिरवणार आणि टीव्हीवर त्याचा मागमूस नाही, हे कसं चालेल? सेटिंगमध्ये जाऊन डेक्स बंद केलं, मिररिंग ठेवलं. आता जे हातात तेच भिंतीवर. आणि बोटाबरोबर. अण्णांनी ओळ सरकवली, ओळ सरकली. त्यांनी दोनतीनदा मुद्दाम पुढे-मागे करून बघितलं, नवी सायकल चालवून बघावी तसं.

पण मग म्हणाले, "ही पहिली ओळ अशी टकली का?"

खरंच टकली होती. सगळ्यात वरच्या ओळीची शिरोरेघ गायब. अक्षरं नुसती लोंबत होती. 'म' आणि 'भ' वेगळे ओळखू येईनात. बराच वेळ मी विश्वकोशाला दोष दिला. मग भाच्याने फोनवर सांगितलं, "मावशी, टीव्ही कडा कापतोय." जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हींवर चित्राच्या कडा नीट यायच्या नाहीत म्हणून चित्र जरा मोठं करून कडा चौकटीमागे ढकलायची पद्धत होती. ओव्हरस्कॅन. आता नळी गेली, पद्धत राहिली. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये कुठे 'स्क्रीन फिट' असतं, कुठे 'जस्ट स्कॅन', तर कुठे इनपुटला 'पीसी' असं नाव दिलं की काम होतं. आमच्याकडे ते तिसऱ्या पानावर सापडलं. दाबलं आणि शिरोरेघ परत आली. अण्णा म्हणाले, "आता माणसात आली."

टॅब आडवाच धरायचा, हेही त्याच दिवशी कळलं. या टॅबचा पडदा सोळाला दहा, टीव्हीचा सोळाला नऊ. आडवा धरला तर डाव्या-उजव्या बाजूला बारीकशा काळ्या पट्ट्या येतात. टीव्हीच्या १९२० ठिपक्यांपैकी १७२८ वापरात येतात, चालतंय. उभा धरला तर मात्र मधोमध ६७५ ठिपक्यांची चिंचोळी गल्ली आणि दोन्हीकडे अंधार. अण्णांच्या हातात टॅब जरा कलला की चित्र उभं व्हायचं आणि ओळ गल्लीत शिरायची. ऑटो रोटेट बंद करून टाकलं.

एवढं सगळं जमलं, तरी अण्णांना वाचता येईना.

हा भाग मला कुणीही सांगितला नव्हता, आणि मला तो स्वतःहून सुचायला चार दिवस लागले. टॅबची रुंदी पंचवीस सेंटिमीटर, टीव्हीची पंच्याण्णव. जवळजवळ चौपट. पण टॅब अण्णा चाळीस सेंटिमीटरवर धरायचे आणि टीव्ही त्यांच्या खुर्चीपासून तीन मीटरवर. साडेसातपट लांब! डोळ्यापुरतं बघायचं तर टीव्हीवरची ओळ टॅबवरच्या ओळीच्या निम्मीच झाली. आम्ही एवढ्या खटपटीने अक्षर लहान करून ठेवलं होतं. पतसंस्थेत व्याज काढते मी, आणि हे गणित चार दिवस समोर असून दिसलं नाही.

खुर्ची पुढे ओढली. नव्वद सेंटिमीटरवर आणल्यावर ओळ दिसायला लागली, पण टीव्ही भिंतीवर वर टांगलेला, मान आभाळाकडे. आणि संध्याकाळी साडेसात वाजले. आई आत आली, बघते तर टीव्हीला नाक लावून अण्णा, आणि तिची मालिका सुरू व्हायची वेळ.

"अहो, आत शिरताय का त्याच्या?"

"नोंद संपू दे."

"वीस खंड आहेत ते. माझं आयुष्य संपेल, नोंद संपायची नाही."

आईचं म्हणणं रास्त होतं. तीन संध्याकाळी वाद झाल्यावर मी मॉनिटर शोधायला लागले. तो टेबलावर ठेवता येतो, पस्तीस-चाळीस सेंटिमीटरवर. चोवीस इंची मॉनिटर त्रेपन्न सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे डोळ्याला तो नव्वदवरच्या टीव्हीपेक्षा थोडा मोठाच. एका बंद झालेल्या ऑफिसचे मॉनिटर विकायला होते, अडीच हजाराला एक. घरी आणून मागे बघते तर एचडीएमआय नाहीच. व्हीजीए, डीव्हीआय आणि एक डिस्प्लेपोर्ट.

यातलं व्हीजीए ओळखीचं, निळं, पंधरा पिनांचं, दोन्हीकडे स्क्रू. १९८७ पासून चालत आलेलं. एचडीएमआयचं व्हीजीए करणारी डबी आणली. चित्र आलं, पण दुधात पाणी घातल्यासारखं. व्हीजीए अंकांची भाषा बोलत नाही, विजेचा चढउतार पाठवतं. त्यामुळे डबीत एकदा रूपांतर, मॉनिटरमध्ये परत एकदा, आणि प्रत्येक वेळी अक्षराची कड जराशी विरघळते. या डब्या एकतर्फी असतात हेही सांगून ठेवते. एचडीएमआयचं व्हीजीए करणारी वेगळी, व्हीजीएचं एचडीएमआय करणारी वेगळी, दिसायला जुळ्या बहिणी. शिवाय त्या डबीतून दादाच्या मुलाने सिनेमा लावून बघितला तर ॲपने नुसता काळा पडदा दाखवला, कारण विकत घेतलेल्या सिनेमाला कॉपी होऊ न देणारं कुलूप असतं आणि ते व्हीजीएला कळत नाही. पोरगं हिरमुसलं. अण्णा नाही.

सुटका डीव्हीआयने केली. डीव्हीआय आणि एचडीएमआय यांची चित्राची भाषा एकच आहे, फक्त तोंडं वेगळी. त्यामुळे मधे रूपांतर करणारं काहीच लागत नाही, एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डीव्हीआय अशी साधी केबल पुरते. दोनशे ऐंशी रुपये. आवाज तेवढा येत नाही, पण वाचनाला आवाज कशाला? लावली आणि अक्षर असं उठून दिसलं की अण्णांनी हात पुढे करून काचेवरून बोट फिरवलं. खिळा हातात घेऊन त्याची कड बघायचे ना, तसं.

टॅबला भोक एकच, त्यात केबल घातली की चार्जर कुठे लावणार? म्हणून हब घ्यावा लागला. एकीकडून एचडीएमआय, एकीकडून चार्जर, मधे टॅब. तापतो बऱ्यापैकी. मी तो पहिल्या आठवड्यात तीनदा हात लावून बघायचे, आता सोडून दिलंय. लाईट गेली की मॉनिटर बंद आणि वाचन बंद. इन्व्हर्टरवर तो पॉइंट घ्यायचा राहिलाय.

आणि मॉनिटर अण्णांच्या अगदी समोर ठेवायचा नाही. साताऱ्याला त्यांना कडेच्या नजरेने वाचायची सवय करायला शिकवलंय. बघायचं त्याच्या जरा वर आणि डावीकडे रोखून पाहायचं, म्हणजे डाग वर जातो आणि अक्षर डागाच्या बाहेर पडतं. त्यामुळे अण्णा वाचताना मॉनिटरच्या वरच्या कोपऱ्याकडे, जवळजवळ खिडकीकडे बघत असतात. नवीन माणसाला वाटतं, यांचं लक्ष नाही. मॉनिटर हातभर उजवीकडे सरकवला तेव्हा त्यांची मान दुखायची थांबली.

इंटरनेटवर जे आहे त्याचा प्रश्न मिटला, पण कागदाचं काय? रोजचा पेपर, बँकेचं पत्र, औषधाच्या पट्टीवरची तारीख. यासाठी वेगळं यंत्र मिळतं, खाली कॅमेरा आणि वर पडदा असलेलं. त्याची किंमत ऐकून मी फोन ठेवला. मग एक दिवस स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून शेंगा सोलताना लक्षात आलं की त्या स्टुलाला मधोमध भोक असतं, उचलायला बोट घालण्यापुरतं. स्टूल टेबलावर ठेवलं, त्यावर टॅब उताणा, म्हणजे पडदा वर आणि मागचा कॅमेरा भोकावर. खाली पेपर. टॅबवर भिंगाचं ॲप. मॉनिटरवर पेपर आला, अक्षर लाडवाएवढं.

स्टुलाखाली अंधार होता, एक छोटा एलईडी दिवा कडेने आत सोडला. समोरून सोडला तर गुळगुळीत कागद चकाकतो, कडेनेच हवा. कॅमेरा सारखा फोकस शोधत मागे-पुढे व्हायचा, पडद्यावर बोट दाबून धरलं की तो एका जागी थांबतो. ॲपमध्ये रंग उलटे करायची सोय आहे, काळ्यावर पांढरं. अण्णांना आधी ते पाटीसारखं वाटलं. आता त्यांना तेच आवडतं, कारण पांढऱ्या कागदाचा उजेड डोळ्यात जात नाही. पेपर हाताने सरकवायचा असतो, आणि हात एकीकडे, नजर दुसरीकडे हे जमायला त्यांना आठवडा लागला. पेपर डावीकडे ओढला की ओळ पुढे जाते, उजवीकडे नाही, हे त्यांच्या हाताला पटेपर्यंत ते रोज एकदा तरी स्टूल पाडायचे.

गेल्या रविवारी शेजारच्यांच्या मुलीची लग्नपत्रिका आली. आईने ती देवापुढे ठेवायला घेतली, पण अण्णा म्हणाले, आधी इकडे दे. पत्रिका स्टुलाखाली गेली. मी आत भाजी निवडत होते. बराच वेळ काहीच आवाज नाही. मग त्यांची हाक आली, आणि आवाजात जे होतं ते मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"इकडे ये. वाच."

मॉनिटरवर, हातभर लांब, सोनेरी अक्षरांत: 'आर्शीवाद'.

"रफार एक घर अलीकडे पडलाय," अण्णा म्हणाले. खिडकीकडे बघत. "लाल पेन दे."

मी दिलं. त्यांनी हात स्टुलाखाली घातला. मॉनिटरवर त्यांचा हात आला, प्रचंड मोठा, नखाखालची शाईसुद्धा दिसेल एवढा. पेनाचं टोक इकडे तिकडे भरकटलं, मग 'शी'च्या डोक्यावर थांबलं. रफार खोडला. समासात खूण केली, जुनीच, मी लहानपणी प्रुफांवर बघितलेली.

"अहो!" आई देवघरातून आली. हातात हळदी-कुंकवाचं तबक. "ती पत्रिका देवापुढे ठेवायचीय मला!"

"ठेव की," अण्णा म्हणाले. "आता ठेवण्यासारखी झाली."